धोट्याला उष्टं नसतं

शकुनबाईच्या घरात माणूस एक आणि पितळी पेले तीन. एक तिचा स्वतःचा, तळाशी खिळ्यानं फुली कोरलेला. उरलेले दोन आल्यागेल्यासाठी. ते ती दर शनिवारी राखेनं घासायची, धुवायची आणि फळीवर पालथे घालायची. आलंगेलं कोणी नव्हतं, तरी घासणं सुटलं नाही. शकुनबाई हट्टी होती, आणि हट्टी माणसाला आशा जरा जास्तच काळ पुरते.

आंधळगाव हे भंडारा जिल्ह्यातलं कोष्ट्यांचं गाव. गावाचं नाव असं असलं, तरी तिथल्या बायांची नजर अशी की साडीच्या काठातला एक चुकलेला धागा त्यांना दारातून दिसावा. शेजारच्या घरात काही चुकलं असेल, तर ते त्याहून आधी दिसतं. या गावात शकुनबाईचं माहेर. पवनीला दिली होती, पण तिसऱ्या वर्षी नवरा काविळीनं गेला आणि बाविसाव्या वर्षी ती कपाळ पुसून परत आली. आई रंभाबाई होती, धाकटा भाऊ मधुकर होता, घरात खड्ड्याचा माग होता. ती मागावर बसली ती बसलीच. हात असा चालायचा की विणकर सोसायटीचे लोक साडी उलगडून न पाहताच घ्यायचे.

मधुकरचं लग्न झालं, चंद्रकांता घरात आली. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं नातं असतं म्हणतात, पण या दोघींचं बरं जमलं. मधुकरला पंचफुला नावाची मुलगी झाली, आणि ती आईपेक्षा आत्याच्याच मांडीवर वाढली. शकुनबाई विणत असली की पोरगी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून शेजारी बसायची. विधवा बाईला याहून काय हवं असतं? शकुनबाईला तरी काही हवं नव्हतं.

तिच्या तोंडाला मात्र एक खोड होती. लहानपणापासून वर्षातून दोन-तीनदा ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मुंग्या चालायला लागायच्या. मग ठणका, मग मोहरीएवढ्या फोडांचा झुबका. दोन दिवसांनी फोड फुटून ओले व्हायचे, त्यावर खपली धरायची, आणि आठ-दहा दिवसांत ओठ पहिल्यासारखा. ताप आला की हे यायचं, वैशाखातल्या उन्हात हिंडलं की यायचं, काळजीनं झोप उडाली तरी यायचं. गावात याला नाव होतं, ‘मकडी फिरली’. झोपेत मकडी, म्हणजे कोळी, ओठावरून गेला आणि मुतला, असं म्हणणं. रंभाबाई मग ओठाला चुना लावायची आणि झाडू घेऊन आढ्याची जाळी काढायची. चुन्यानं ओठ भाजून निघायचा आणि आढ्यावरचे कोळी बिचारे फुकटचे मरायचे.

या घरात उष्ट्याचं सोवळं भारी. एकाच्या पेल्यातलं पाणी दुसरा पीत नसे, चाखलेला पळा पुन्हा भांड्यात जात नसे. रंभाबाईसमोर कोणी चुकून कोणाच्या ताटाला हात लावला, तर ती घर डोक्यावर घ्यायची. पण माग मात्र या सोवळ्यातून सुटलेला होता. धोट्यात, म्हणजे ताण्यातून आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नावेत, सुताची कांडी भरली, की सुताचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. कोष्टी काय करतो, तर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो. सूत सुर्रकन तोंडात येतं. दिवसातून शंभरदा. सूत तुटलं की पुन्हा ओठ. या धोट्याला आज सासू ओठ लावायची, उद्या सून, परवा शेजारीण. कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, “धोट्याले उष्टं नाई.” बापजाद्यांपासून चालत आलेलं, मग विचारायचं काय?

एकाहत्तर सालच्या चैत्रात चंद्रकांताचे दिवस भरत आले होते. जड अंगानं मागावर बसवत नव्हतं, म्हणून ती शेजारी बसून कांड्या भरून द्यायची, धोट्यातून सूत ओढून शकुनबाईच्या हातात ठेवायची. शकुनबाईच्या ओठावर तेव्हा मकडी फिरलेली होती. सूत तुटलं की ती ओढायची, कांडी संपली की चंद्रकांता ओढायची. धोटा या तोंडातून त्या तोंडात फिरत होता आणि साडी पुढे सरकत होती.

बाळंतपणाच्या आदल्या दिवशी चंद्रकांताला ताप भरला. ओठ सुजले, हिरड्या सोलवटल्या, तोंडात पाणी घेववेना. रंभाबाईनं तूप लावलं आणि म्हणाली, “पोटातल्या लेकराची उष्णता होय.” चंद्रकांता तापात बरळत होती, तिला कशाचीच शुद्ध नव्हती. अशातच मुलगा झाला. मुलगा झाल्यावर सुनेच्या ओठाकडे कोण बघतो? दहा दिवसांत ओठ बरा झाला आणि सगळे ते विसरले.

त्या दिवसांत शकुनबाई धड झोपली नाही. बाळंतिणीचं करायचं, पंचफुलेला सांभाळायचं आणि माग थांबू द्यायचा नाही. बारशाच्या दिवशी तिच्या ओठावर पुन्हा फोड आले. त्या दिवशी सकाळपासून बाळ दूध ओढत नव्हतं, नुसतं कण्हत होतं. बाया म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. दुपारी पाळण्यात घालताना शकुनबाईनं त्याला उचललं आणि सगळ्यांदेखत त्याच्या गालाचा मुका घेतला. घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं मनोहर. संध्याकाळी बाळाचं अंग तापलं, दुसऱ्या दिवशी झटके यायला लागले. मधुकरनं भंडाऱ्याला न्यायला गाडी जुंपली. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली.

चंद्रकांता तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी शकुनबाई तिच्यासमोर पेजेची वाटी ठेवायला गेली, तेव्हा तिनं नणंदेच्या ओठावरच्या खपलीकडे पाहिलं. “तुमच्या तोंडात इख हाये, बाई,” ती म्हणाली. “तुमी तोंड लावलं आन् माहं लेकरू गेलं.”

मधुकर खाली मान घालून बसला होता. रंभाबाई चुलीपुढे होती, ती लाकूड आत सारत राहिली. शकुनबाईनं वाट पाहिली. कोणीतरी ‘असं नको बोलू’ म्हणेल, एवढीच तिची अपेक्षा होती. कोणी म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटत होतं. आपल्या तोंडानं आपलं लेकरू खाल्लं.

तिला घरातून जा असं कोणीही म्हणालं नाही. ती आपणहून गेली. आळीच्या टोकाला चुलत्याची एक खोली रिकामी होती, तिथं सोसायटीनं दिलेला माग टाकला. निघताना चार वर्षांची पंचफुला मागे धावत आली. चंद्रकांतानं तिला दंडाला धरून आत ओढलं. पोरगी रडली ते आळीभर ऐकू आलं. शकुनबाईनं वळून पाहिलं नाही, कारण वळली असती तर गेलीच नसती.

त्यानंतर गावानं तिला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. गाव असं उघड काही करत नाही. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं नसतंच. पंगतीला तिची पत्रावळ कडेला पडायची. सकाळी आळीत ताण्याची पाजणी चालायची, लांबच लांब सूत पसरून बाया दोन्ही अंगाला उभ्या राहून खळ द्यायच्या. तेव्हा शकुनबाईला पार टोकाला उभं राहायला जागा असायची. तिथून बोलणं ऐकू यायचं, पण कोण काय म्हणालं ते कळायचं नाही. आणि लोकांनी जेवढं अंतर ठेवलं, त्याच्या दुप्पट तिनं स्वतः ठेवलं. कोणाचं मूल रांगत तिच्याकडे आलं की ती उठून आत जायची. धोट्याला तिनं पुन्हा ओठ लावला नाही. मोडक्या छत्रीची काडी वाकवून एक आकडी केली आणि सूत त्या आकडीनं ओढायला लागली. वेळ चौपट लागायचा. घरात दुसरं कोणी नव्हतं, आकडीची गरज काय, हे तिला विचारणारंही कोणी नव्हतं.

मधुकर दिवाळीला लुगडं आणून द्यायचा, उंबऱ्यावर उभा राहून. “बरी हायेस ना, बाई?” म्हणायचा. पाणी देऊ का विचारलं तर म्हणायचा, “नाई, आत्ताच पिऊन आलो.” रंभाबाई गेली तेव्हा शकुनबाईला तिच्या तोंडात पाणी घालायला बोलावलं नाही. वैशाखात मनोहरचा दिवस आला की तिच्या ओठावर हटकून फोड उठायचे. तिला वाटायचं, देव तारीख विसरू देत नाही.

पंच्याऐंशी साली फोड ओठावर असताना तिनं डोळा चोळला, आणि डोळा लालभडक होऊन सुजला. डोळा गेला तर कोष्ट्याचा माग गेला. शकुनबाई घाबरून सरकारी दवाखान्यात गेली. तिथं नागपूरची एक तरुण डॉक्टरीणबाई नवीन आली होती. तिनं डोळा पाहिला, ओठ पाहिला, मलम दिलं, भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली आणि विचारलं, “मावशी, ओठावर हे नेहमी येतं का?”

“मकडी फिरते,” शकुनबाई पदर तोंडावर घेत म्हणाली. “तुमी दूर बसा, बाई. माह्या तोंडात इख हाये.”

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं स्टूल उलट आणखी जवळ ओढलं. “विष नाही आणि कोळीही नाही. हा एक अगदी बारीक रोगजंतू आहे. बहुतेक सगळ्यांना लहानपणीच कोणाकडून तरी लागतो, कित्येकांना कळतही नाही. एकदा अंगात शिरला की शिरेच्या मुळाशी झोपून राहतो, जन्मभर. ताप, ऊन, जागरण, काळजी झाली की उठतो. तुम्ही काही पाप केलं म्हणून येत नाही.”

“दवा?”

“मुळासकट घालवील असं काही नाही. परदेशात एक औषध निघालंय म्हणतात, आपल्यापर्यंत अजून आलेलं नाही. चुना लावू नका, त्यानं जखम वाढते. स्वच्छ ठेवा, जरासं तूप लावा, खपली काढू नका. हात लागला तर साबणानं धुवा, आणि तो हात डोळ्याला तर अजिबात नको. उन्हात जाताना तोंडावर पदर घ्या. फोड असतील तेवढे दिवस पेला, टॉवेल वेगळा. एरवी तुम्ही चारचौघींसारख्याच. फक्त एक लक्षात ठेवा. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका कोणी घ्यायचा नाही. आई असो, आजी असो. मोठ्याला नुसता त्रास होतो, तान्ह्याच्या मात्र जिवावर बेततं.”

शकुनबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मग तिनं चौदा वर्षांत कोणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं. चैत्र, बाळंतपण, बारसं, मुका. डॉक्टरीणबाई मध्येच थांबवून विचारत होती. बाळानं दूध कधी सोडलं? सकाळी. मुका कधी घेतला? दुपारी.

“मावशी, लागण झाल्यापासून आजार दिसायला दिवस लागतात. दोन-चार, कधी दहा-बारा. त्याला हेच झालं होतं की दुसरं काही, ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण सकाळी आजारी असलेलं बाळ दुपारच्या मुक्यानं कसं आजारी पडेल?” मग तिनं विचारलं, “बाळाच्या आईला त्या सुमारास काही झालं होतं का? ताप, तोंड येणं?”

शकुनबाईच्या डोळ्यांसमोर चंद्रकांताचे सुजलेले ओठ आले, आणि त्यावर तूप लावणारं रंभाबाईचं बोट. चंद्रकांता तर बाळाला उठता बसता कवटाळायची. मग तिला धोटा आठवला. या तोंडातून त्या तोंडात फिरणारा.

“आठवत नाई,” ती म्हणाली.

दवाखान्यातून ती सरळ भावाच्या घराकडे निघाली. पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं जे ओझं एकटीनं वाहिलं, ते आज चारचौघांत उतरवायचं होतं. मुक्यानं झालं नाही! डॉक्टर म्हणते! मी नाही, तुझंच तोंड आलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

चंद्रकांता अंगणात बाजेवर पेटीतले कपडे उन्हात घालत होती. शाली, पातळं, आणि सगळ्यांत शेवटी एक पिवळं झबलं. शकुनबाईनंच ते काठाच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलं होतं. चंद्रकांतानं ते झटकलं, उलटसुलट पाहिलं, छातीशी धरलं, आणि घडी करून पुन्हा पेटीत तळाशी ठेवलं. शकुनबाई कुडापाशी थोडा वेळ उभी राहिली. मग आल्या पावली परत फिरली. फार राग आला तिला, स्वतःचाही आणि चंद्रकांताचाही. पण ते वाक्य काही निघालं नाही.

सत्त्याऐंशी साली पंचफुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाला शकुनबाईला निरोप आला, कारण न बोलावणं वाईट दिसतं. ती गेली आणि अंगणाच्या कडेला, तुळशीच्या अलीकडे बसली. तिथून तिला ओसरीतला पाळणा दिसत होता, पंचफुलेची पाठ दिसत होती. मग चंद्रकांतानं नातीला उचललं, आणि शकुनबाईच्या कोष्टी नजरेला तिच्या खालच्या ओठावरचा झुबका दिसला. ओला, ताजा. पाहुण्यांच्या धावपळीत चंद्रकांताची झोप उडालेली होती. तिनं बाळाला तोंडाजवळ नेलं.

“थांब!” शकुनबाई ओरडली. “चंद्रकांता, तोंड नको लावू!”

पाळणा म्हणणाऱ्या बाया गप्प झाल्या. शकुनबाई अंगण ओलांडून थेट ओसरीपर्यंत आली. सोळा वर्षांत इतकी पुढे ती कधी आली नव्हती.

“काय होऊन राहिलं हे, बाई?” मधुकर उठला. “आजच्या दिवशी कायले तमाशा?”

“तिच्या ओठावर मकडी हाये. माह्यासारखीच. डॉक्टरीणबाईनं सांगतलं मले, हे असताना लेकराचा मुका घ्यायचा नसते. खपली पडतवर दूर राय, चंद्रकांता. हात धू साबनानं. मंग घे पोरीले, जनमभर घे.”

“तुमी मले शिकवता?” चंद्रकांता म्हणाली, पण तिचा आवाज चिरका झाला. तिनं बाळ पंचफुलेकडे दिलं आणि पदर तोंडावर घेतला. एरवी जे दुसरीला म्हणायची सवय होती, ते स्वतःच्या ओठावर आल्यावर माणसाला पटायला वेळ लागतो. शकुनबाई कोणी काही बोलायच्या आत निघून आली. घुगऱ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारात आलं होतं, शकुनबाई मागावर होती. उंबऱ्यावर सावली पडली. चंद्रकांता होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा. शकुनबाई लगबगीनं उठली, फळीवरचा पेला सुलटा केला, पाणी भरून पुढे ठेवलं. चंद्रकांतानं पेल्याला हात लावला नाही. ती भिंतीला टेकून उभीच राहिली. रात्रभर रडलेली दिसत होती.

“बाई,” ती म्हणाली, “मी दवाखान्यात गेलती. डॉक्टरीण तेच म्हनते, जे तुमी म्हटलं. आई असली तरी, म्हनते.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मनोहरच्या वक्ती मी तापात होती. मले काई आठवत नाई. तवा माह्या ओठावर होतं काय, बाई? तुमी तर माह्यापाशीच होत्या. खरं सांगा.”

हाच प्रश्न ऐकायला शकुनबाई दोन वर्षं थांबली होती. आता नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हटलं की ती सुटली, पंचफुला आत्याकडे आली, तिची मुलगी मांडीवर आली, फळीवरच्या पेल्यांना माणसं मिळाली. समोर चंद्रकांता उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, फाशीचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखी. शकुनबाईला ते पिवळं झबलं आठवलं. हे ओझं काय असतं ते गावात एकटी तीच जाणत होती.

“नाई,” ती म्हणाली. “तुह्यं तोंड साफ होतं. मले चांगलं आठवते. माह्याच ओठावर होतं.”

चंद्रकांताचे खांदे खाली आले. तिनं डोळे पुसले. “मले वाटलंच,” ती म्हणाली. मग दारापाशी जाऊन, वळून न पाहता, “पोरीले सांभाळलं तुमी. तेवढे उपकार झाले,” म्हणाली आणि गेली. पाणी तसंच राहिलं.

शकुनबाईनं ते पाणी कुंडीतल्या तुळशीला घातलं, पेला घासला, पालथा घातला. मग खड्ड्यात पाय सोडून बसली आणि तिला रडू आलं. चांगलं मोठ्यानं रडली, ऐकायला कोणी नव्हतं म्हणून. रडून झाल्यावर तिनं मागाकडे पाहिलं तर सूत तुटलेलं. तिनं धोटा उचलला, ओठाजवळ नेला. ओठ त्या दिवशी स्वच्छ होता. घरात दुसरं तोंडही नव्हतं.

तिनं धोटा खाली घेतला आणि आकडीनं सूत ओढायला लागली.